जुलैची टेप

रामकिसनच्या घराला एकोणीस वर्षांत कुलूप लागलं नव्हतं. सिडको एन-नऊमधलं दोन खोल्यांचं घर, आत सोनं नाही की नाणं नाही, तरी नवरा-बायको दोघं एकाच वेळी कधी घराबाहेर पडले नाहीत. लग्नकार्य असलं तर एक जण सकाळी जाऊन यायचं, दुसरं संध्याकाळी. नातेवाईक म्हणायचे, यांचं एकमेकांशी पटत नाही. पटत होतं, चांगलं पटत होतं. भानगड कपाटातल्या टेपची होती.

रामकिसन वाळूजच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सेक्शनला होता. मोटारसायकलच्या क्लच वायर बनवणारी कंपनी. ऑर्डरी, हजेरी, मालाची आवक-जावक, सगळं एका थंडगार खोलीतल्या सर्व्हरवर असायचं आणि दर शनिवारी त्याची नक्कल तळहातावर मावेल अशा काळ्या टेपवर उतरवली जायची. २००५ साली ऑडिटवाल्यांनी विचारलं, कंपनीला आग लागली तर काय? नक्कल कंपनीच्या बाहेर पाहिजे. बाहेर म्हणजे कुठं, हे तेव्हाच्या मॅनेजरला सुचेना. त्यानं समोर उभ्या रामकिसनकडं बघितलं आणि म्हणाला, तुमच्या घरी ठेवा, जरा लक्ष असू द्या. बस, एवढंच.

जरा लक्ष म्हणजे किती, हे रामकिसननं आपल्या मनानं ठरवलं. फुलंब्रीच्या शेतकऱ्याचा मुलगा, साहेबानं विश्वास टाकला म्हटल्यावर हरखून गेला. घरी येऊन त्यानं सुरेखाला बजावलं की घर मोकळं टाकायचं नाही, शेजारीपाजारी चकार शब्द काढायचा नाही, अख्खी कंपनी आपल्या कपाटात आहे. सुरेखानं लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, लग्नातली पैठणी वर नेली आणि कप्प्याची किल्ली कमरेला लावली. खंडेनवमीला विळी आणि खुरप्याबरोबर ती टेपच्या डब्यालाही हळदकुंकू वाहायची. कंपनीतल्यांना हे कळलं असतं तर ते हसून लोळले असते. पण कंपनीनं कधी विचारलंच नाही, टेप कशी आहे आणि टेप सांभाळणारी बाई कशी आहे.

मग २०१६ च्या जुलैतला शेवटचा रविवार उजाडला. सर्व्हर बंद पडला म्हणून रामकिसन सकाळी आठलाच कंपनीत गेला होता. अकराच्या सुमारास लासूर स्टेशनहून सुरेखाच्या भावाचा फोन आला. आईला धाप लागलीय, तुझं नाव घेतेय, लगेच नीघ. सुरेखानं रामकिसनला फोन लावला. तो म्हणाला, दोन तासांत येतो, तोवर थांब, महिनाअखेरची टेप आहे घरात. ती पिशवी भरून दारात बसून राहिली. रामकिसन पाचला आला. आई साडेतीनलाच गेली होती.

तेराव्यानंतर सुरेखा परत आली, पदर खोचला आणि स्वयंपाकाला लागली. भांडली नाही, रडली नाही, टेपचं नावसुद्धा काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं रामकिसनला पुढं कितीदा तरी वाटलं, पण हे तिला सांगायची त्याची छाती झाली नाही.

यंदा कंपनीनं सगळा कारभार क्लाउडवर न्यायचं ठरवलं. क्लाउड म्हणजे तुमचा सर्व्हर तुमच्याकडं ठेवायचाच नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी, कुठल्यातरी गावच्या मोठ्या इमारतीत जागा भाड्यानं घ्यायची. नक्कलही तेच ठेवणार, एकीच्या तीन ठेवणार. सेक्शनात चार माणसं होती. एकाला पुण्याला पाठवलं, दोघांना निरोपाचा नारळ दिला आणि रामकिसनला डिस्पॅचच्या दारापाशी एक टेबल दिलं. कुणाची तक्रार आली की ती वेबसाइटवर भरायची, एवढंच काम उरलं. थंड खोलीतला एसी काढून मीटिंग हॉलमध्ये लावला. रामकिसननं तो काढताना बघितला आणि त्याला काहीच वाटलं नाही. मांडी घालून बसून बसून पाय बधिर व्हावा आणि चिमटा काढला तरी कळू नये, तसं त्याचं झालं होतं.

टेपा परत मागितल्यात, हे त्यानं घरी सांगितलं तेव्हा सुरेखानं तीनदा विचारून खात्री करून घेतली. दुसऱ्याच दिवशी ती गुलमंडीच्या बाजारात जाऊन पितळी कुलूप घेऊन आली. येत्या रविवारी दोघांनी मिळून लासूरला जायचं, तिनं भावाला कळवूनसुद्धा टाकलं. इतकी हसरी ती बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती. टेपा पोत्यात भरताना मात्र तिनं त्यातली एक बाजूला काढली, पदरानं पुसली आणि पुन्हा पोत्यात ठेवली.

"येवढी जुलैची मागून आना," ती म्हणाली. "हिच्यापायी मी गेले नाय. कंपनीला आता हिचं काय काम? माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या."

रामकिसन म्हणाला, देणार नाहीत, कंपनीचा माल आहे. पण विचारतो म्हणाला.

जुन्या टेपा वाचून बघायला पुण्याहून स्वराली नावाची मुलगी आली होती. कामाला चोख आणि बोलायला मऊ. चार दिवस ती टेपा एकामागून एक मशीनमध्ये घालत होती. शनिवारी सकाळी तिनं रामकिसनला बोलावलं आणि खुर्ची पुढं केली.

"सर, २०१४ पासूनच्या सगळ्या टेपा कोऱ्या आहेत."

त्या साली नवं सॉफ्टवेअर आलं होतं. तेव्हापासून टेपवर नुसतं नाव आणि तारीख पडत होती, आत काही उतरतच नव्हतं. पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत ‘पूर्ण’ असं यायचं. रामकिसन ते बघायचा, रजिस्टरात ‘पूर्ण’ लिहायचा, सही ठोकायचा आणि टेप जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून कंपनीची बस पकडायचा. टेपवरचं परत उतरवून बघितलं नाही का कधी, असं स्वरालीनं विचारलं. नाही बघितलं. दहा वर्षांत एकदाही नाही. तशी वेळच आली नव्हती.

त्याचा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली की काळजीचं काही कारण नाही. मूळ माहिती सर्व्हरवर होती, ती सगळी वर गेली, कंपनीचा एक कागदसुद्धा हरवलेला नाही. "कुणाचंच काही गेलं नाही, सर," ती म्हणाली. रामकिसननं मान डोलावली. त्या घटकेला तरी त्याला ते खरंच वाटलं.

मग त्याला आठवण झाली आणि त्यानं जुलैची टेप मागितली. माहिती असलेली टेप आता गेटबाहेर जात नाही, सगळ्यांचा चुरा करायचा आहे, असं सांगत तिनं यादीत बघितलं. ही कोरीच आहे, न्या खुशाल, म्हणाली. तिनं गेटपासही लिहून दिला. कोरी टेप, एक नग. तो पास वॉचमननं ठेवून घेतला, हे बरंच झालं.

बसमध्ये रामकिसननं काय सांगायचं ते ठरवून ठेवलं. कंपनीनं पुसून दिली. तीन शब्दांचं काम होतं. त्यानं ते मनाशी घोकले, कारण सुरेखा शाळा फार शिकली नसली तरी एकोणीस वर्षांत टेपचे कायदे तिला त्याच्याइतकेच पाठ झाले होते.

घरी टेबलावर नवं कुलूप होतं, अजून खोक्यातच. शेजारी उद्याची पिशवी भरून ठेवलेली. सुरेखानं हात पुसले, टेप घेतली, वरचं त्याच्याच अक्षरातलं जुलै २०१६ वाचलं.

"दिली त्यांनी?"

"दिली."

ती खूश झाली, मग तिला आठवलं. "तुमी तर म्हनले, कंपनीचा माल हाय, देनार नायत. मंग ही कशी दिली?"

"पुसून दिली," रामकिसन म्हणाला. ठरल्याप्रमाणं, अडखळलासुद्धा नाही.

सुरेखानं टेप छातीशी धरली. "म्हंजी तवा भरलेली व्हती. व्हय ना? त्या दिवशी हिच्यात समदी कंपनी व्हती."

इथं नुसतं हो म्हणायचं होतं. दहा वर्षं दर शनिवारी तो न बघता ‘पूर्ण’ लिहीत आला होता, अजून एकदा लिहायला हात काही मोडत नव्हता. पण तिच्या तोंडाकडं बघताना त्याला ते जमलं नाही.

"नव्हती," तो म्हणाला. "त्या दिवशीबी कोरीच होती. दहा वर्षं कोऱ्याच होत्या. मी कधी बघितलं नाही. आन् घर सोडू नको असं साहेब बोललाच नव्हता. ते मीच ठरवलं होतं."

  गॅसवर चहा होता, तो सुरेखानं बंद केला. मग आत जाऊन लुगडं बदलून आली, कप्पा उघडून टेप आत ठेवली, कप्पा बंद केला आणि कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली. भरलेल्या पिशवीतले त्याचे दोन कपडे काढून तिनं नीट घडी करून खाटेवर ठेवले.

"मी लासूरला चालले. साडेपाचची बस घावंल."

"उद्या दोघं जायचं होतं," रामकिसन म्हणाला.

"तुमी थांबा." तिचा आवाज जराही चढला नाही. "टेप घरात हाय."

ती गेली. किती दिवसांसाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. रामकिसननं दार लोटलं, खुर्ची कपाटासमोर ओढली आणि बसला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. अंधार पडला तेव्हा उठून त्यानं दिवा लावला आणि परत येऊन तिथंच बसला.