ऐनाखालची डगालाची रास

मेलं कोण, हे आंधळगावात एकालाही सांगता येत नव्हतं. पण कोणीतरी मेलं, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि त्या बिननावाच्या मेलेल्यापायी माझं चालणं बंद पडायची पाळी आली होती.

सन अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली, हे घरच्यांचं नशीब. हात आणि पाय मात्र परक्याचे झाले. तुमसरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, रोज चाला. खाट धरली तर खाटेवरच राहाल." मी तिथंच ठरवलं, खाट धरायची नाही.

आधी रस्त्यानं चालून पाहिलं. तिथं दर दुकानातून "अरेरे, रत्नाबाई!" ऐकावं लागे. कोणी स्टूल आणी, कोणी पाणी. मला बसवायला सगळं गाव टपलेलं. म्हणून मी वस्तीमागच्या नाल्याची वाट धरली. करंज-जांभळांच्या सावलीतून ती नाल्याच्या कडेकडेनं तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, जाते. खाली मऊ रेती, कीव करायला कोणी नाही. सून वच्छला माझा दंड धरून चालायची. सुरुवातीला पहिल्या जांभळीपर्यंत गेलो, मग वळणावरच्या ऐनाच्या झाडापर्यंत. मला पाळीवर जायचं होतं. आपल्या पायांवर उभं राहून तलाव पाहायचा होता. याहून मोठी इच्छा मला उरली नव्हती.

दिवाळी झाली आणि एका सकाळी ऐनाच्या बुडाशी पळसाच्या डहाळ्या पडलेल्या दिसल्या. डहाळीला आमच्याकडे डगाल म्हणतात. झाडीत वाघानं माणूस मारलं की त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक डगाल टाकायचं, हात जोडायचे आणि मागं न पाहता निघायचं, अशी इकडची रीत. टाकलेलं डगाल कोणी उचलत नाही. उचलेल त्याच्या मागं वाघ लागतो म्हणतात. वच्छलानं मुकाट्यानं एक डगाल तोडून टाकलं. चार दिवसांत रास गुडघ्याला आली, मग कमरेला. आणि वाट ओस पडली.

"माय, उद्यापासून नाल्याकडे जाऊ नको," माझा लेक गोपीचंद म्हणाला. त्याचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकासमोर छाती पुढं, आणि घरात पाल दिसली की खाटेवर उभा.

"काहून?"

"वाघानं माणूस नेला ना तिथं."

"कोणाले नेलं?"

"करडी गावचा होता म्हणतेत."

करडीचा माणूस दुकानात आला तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, "आमचा नाही जी, सिहोऱ्याचा होता." सिहोऱ्याचा भेटला, तो म्हणाला, "तुमच्याच आंधळगावचा." माझं डोकंच फिरलं. पण वच्छला पाऊल टाकायला तयार नव्हती आणि एकटीला मला कोणी सोडेना. पाय पुन्हा जड होऊ लागला. सकाळी उठताना टाच जमिनीला टेकेना. मी घाबरले, फार घाबरले.

अशात भागीरथा आली. ही तलावातली मासळी विकणारी. तिचा नवरा इतवारी जाळं टाकतो. नाल्याची वाट बंद झाल्यापासून ती लांबच्या रस्त्यानं येई. ओट्यावर टोपली उतरवून ती कुरकुरली, "मासोऱ्या उन्हानं खराब होऊन राहिल्या वो बाई."

"पहिलं डगाल टाकलं कोणं, ते तरी सांग."

"मले काय मालूम? आमच्या घरचे पाडव्याच्या सकाळी तिथंच टोपला उतरवून बसले होते. तवा तं काहीच नव्हतं म्हणे."

"टोपला कायनं झाकला होता?"

"पळसाच्या डगालानं. ते सुकले म्हणून फेकले, अन् ताजे तोडून..."

ती बोलता बोलता थांबली. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं.

"अगा माय!" तिनं कपाळावर हात मारला. "अन् मीबी टाकलं ना वो त्याच्यावर एक! हात जोडले!"

मला वाटलं, सुटलं आता. कुठलं काय! हे ऐकून गोपीचंद पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "खालचे मासोऱ्याचे असतीन, माय. पण वरचे एवढे लोक का उगीच टाकतीन?" इतवारीला बोलावून रास काढ म्हटलं, तर त्यानं कान धरले. "माहे डगाल मले कबूल आहेत जी. पण त्यातले माहे कोणते अन् वाघाचे कोणते, कसं ओळखू?"

अशा माणसांपुढं काय डोकं फोडायचं? दुसऱ्या दिवशी वच्छला विहिरीवर गेली, गोपीचंद दुकान उघडायला गेला. मी काठी उचलली आणि निघाले.

ऐनापाशी पोचेपर्यंत दम लागला. उजव्या हातानं एक डगाल धरून ओढलं. ते निघेना. मी जोर केला, ते एकदम सुटलं आणि मी पाठीवर आपटले.

हाका मारल्या. कोण येणार? वारं गेल्यापासून मी जमिनीवरून एकटी कधी उठले नव्हते. दोन माणसं दोन बाजूंनी उचलायची. बराच वेळ पडून राहिले. मग माझा मलाच संताप आला. कुशीवर वळले. गुडघा टेकला. राशीवर कोपर रोवलं, ती करकरत खाली दबली, पुन्हा रोवलं. ऐनाचं खोड हाताला लागलं, त्याला कवटाळलं आणि उभी राहिले. मग मोठ्यानं रडले, लहान पोरीगत. रडून झाल्यावर घराकडं वळायचं सोडून पुढं निघाले.

पाळीवर मी उभी होते तेव्हा गोपीचंद धापा टाकत आला, त्याच वाटेनं. हातात दुकानातला लोखंडी गज.

"माय! पाठीले रेती! पडली होती का?"

"हो."

"मंग उचललं कोणं?"

"कोण उचलन? तुमच्या वाघानं सगळ्यायले पळवलं ना."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं. परतताना ऐनापाशी तो थांबला. चपला काढल्या, हात जोडले. मग गज खाली ठेवून त्यानं एक डगाल उचललं आणि नाल्यात भिरकावलं. मग दुसरं. दर डगालागणिक तो झाडीकडं बघत होता, पण थांबला नाही. दोन्ही हातांनी कवेत डगालं धरून त्यानं मान वळवली.

"माय, घरापर्यंत एकटी जाशीन ना?"

"जाईन," मी म्हटलं, आणि चालू लागले.