चोवीस खळग्यांचा चौथरा

राहनाळच्या माळावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिपाई घडवायची छावणी होती. लढाई संपली, छावणी उठली आणि मागं उरला एक दगडी चौथरा, त्यात दोन रांगांनी चोवीस खळगे. पंचेचाळीस वर्षं त्याच्याकडे गुरांनीसुद्धा ढुंकून पाहिलं नाही. मग १९९० साली गोदामवाल्या अनंताशेठला देशभक्तीचा उमाळा आला. माळावर स्मृती-उद्यान व्हायचं म्हणजे तिथवर डांबरी रस्ता व्हायचा, आणि शेठची नवी गोदामं नेमकी त्याच रस्त्याला होती. पण असं बोलून दाखवणारा देशद्रोही ठरला असता.

समिती बसली. चौथऱ्याची पाहणी करून शेठनं जाहीर केलं, की या खळग्यांत छावणीतले वीर आपापली निशाणं रोवत. लगेच ठराव झाला : चोवीस खळग्यांत चोवीस ज्योती लावायच्या आणि मधोमध हुतात्म्यांच्या नावांची शिळा.

त्या छावणीत शिकलेला एकच माणूस आता हयात होता, लूम चालवून म्हातारा झालेला सोमा. त्याला सभेला बोलावलं, शाल दिली आणि दाराजवळ बसवलं. सोमाचं मागणं एवढंच होतं, की शिळेवर कोंडूचं नाव हवं. कोंडू म्हणजे त्याच्या बायकोचा, द्रौपदीचा भाऊ. दोघं एकाच दिवशी भरती झाले. सोमाला बंदूक मिळाली, कोंडूला फावडं. "तुला बंदूक पुढच्या महिन्यात," असं साहेब दर महिन्याला सांगायचा. मग छावणीत पटकीची साथ शिरली आणि कोंडू गेला.

"पटकीनं?" शेठनं तोंड वाकडं केलं. "मग तो हुतात्मा कसा? गोळी लागायला पाहिजे रे, सोमा."

घरी द्रौपदी उंबऱ्यात बसली होती. भावाचा तिच्याकडे फोटोसुद्धा नव्हता. "लिवणार हायेत ना नाव?" तिनं विचारलं. सोमानं नुसती शाल पुढं केली. तिनं ती कोनाड्यात टाकली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो सकाळीच शेठच्या गोदामावर गेला.

"शेठ, चौथरा निशाणांचा न्हाय."

"मग कसला?"

"संडास होता तो शिपायांचा. चोवीस जण एका टायमाला बसायचे. कोंडूनं खणला, त्यानंच बांधला, रोज साफबी तोच करायचा. त्यातच पटकी लागली त्याला."

शेठचा चहा बशीतच राहिला. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुंबईचे पाहुणे यायचे होते, आणि खुद्द शेठनं त्या चौथऱ्याची माती चांदीच्या डबीत भरून देवघरात ठेवली होती.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मेलेल्यांना. आन् मला."

"काय पाहिजे तुला?"

"शिळेवर कोंडूचं नाव. पयलं."

शिळेवर पहिलं नाव समितीच्या अध्यक्षांचं, म्हणजे शेठचंच होतं. पाथरवट अब्दुलनं दुपारपर्यंत ते घासून काढलं आणि तिथं 'हुतात्मा कोंडू' असं कोरलं. हे पाहणं काही शेठला सोसलं नाही, ते गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी चौथऱ्यापाशी बूट काढले. मागोमाग सगळ्या समितीनं काढले. ज्योती पेटल्या. पाहुणे गहिवरून म्हणाले, "इथल्या हवेतच काहीतरी आहे." होतं खरं, सोमाला वाटलं. एकेकानं वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. शेठची पाळी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, पण लावली.

सगळे गेल्यावर द्रौपदी पुढं झाली. तिला वाचता येत नव्हतं. सोमानं तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. मग तीही मातीला वाकली, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. त्यानं तिचा हात धरला आणि हलक्या आवाजात सगळं खरं सांगून टाकलं.

द्रौपदीनं चौथऱ्याच्या दगडांवरून हात फिरवला.

"त्यानं एकट्यानं बांधला?"

"एकट्यानं."

"बग, अजून एक दगूड हलला न्हाय," ती म्हणाली, आणि तिनं माती कपाळाला लावली.