बापाशी बोलण्याची रीत

गजेंद्र शिडीवरून पडले ते चर्चच्या छपराला नाताळची चांदणी बांधताना. दारू पिऊन नाही, कोणाचं काही चोरताना नाही, देवाचंच काम करताना. माझा नवरा मध्य प्रदेशात, बालाघाटात विजेची कामं करायचा, आणि चर्चची चांदणी दरवर्षी फुकटात चढवायचा. शिडी सरकली आणि कंबर गेली. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि तो गेल्याचं सोंग मी करणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायांत जीव आहे, रोज व्यायाम करा, काठीच्या आधाराने उभे राहाल. मी खाटेच्या पायथ्याशी दोरी बांधली. ती ओढत हे उठून बसायचे, घामाघूम व्हायचे, पुन्हा ओढायचे. भेटायला येणारे चहा प्यायचे आणि म्हणायचे, "प्रभूची काहीतरी योजना असेल." योजना म्हटलं की मला सरकारी योजनाच आठवते. नाव मोठं असतं आणि आपल्या हाती काही लागत नाही.

मग बाहेरगावचे एक उपदेशक चर्चमध्ये आले. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. लोक त्यांना आमच्या घरी घेऊन आले. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाले, "उठ." हे उठले नाहीत. ब्रदरनी हात रुमालाला पुसला. "विश्वास कम है, भाई," एवढं बोलून ते पुढच्या घरी गेले.

त्या दिवसापासून यांनी दोरीला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताट तसंच परत यायचं.

"काहून जेवत नाही?" मी विचारलं.

"त्याचं माह्यावर प्रेमच नाही, मंजुषा. असतं त उठलो असतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस खाटेवर पडलेला, आणि त्याच्या तोंडून हे वदवून घेणारा पुढच्या घरी नाश्ता करतो. पण यांना काय सांगावं ते मला सुचेना. हे असेच विझून जातील, ही एकच भीती मनात होती.

रविवारी दुपारी आमच्याकडे प्रार्थनासभा ठरली. ब्रदर जाण्याआधी त्या सभेलाही आले. सगळ्यांनी हिंदीत प्रार्थना केल्या, गोडगोड, प्रभू तेरा धन्यवाद. मग माझ्या सासूबाईंची, शेवंताबाईंची पाळी आली. त्या भंडाऱ्याकडच्या, देवाशी फक्त मराठीतून बोलतात. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले.

"स्वर्गातल्या बापा, माह्या पोरानं तुह्यी चांदणी बांधली. तुले शिडी धरता नाही आली काय? येवढं आभाळ धरून बसला, अन् एक शिडी..."

"माताजी." ब्रदरनी मध्येच डोळे उघडले. "परमेश्वर को बाप नहीं बोलते. पिता बोलिए. और तमीज से. ऐसी बातों से ही घर की आशीष रुकती है."

सासूबाई गोंधळल्या. हिंदीत बाप काढला की भांडण लागतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या मराठी शुभवर्तमानात तोच शब्द होता आणि लहानपणापासून त्यांनी देवाला त्याच नावाने हाक मारली होती. भर सभेत म्हातारीला देवाचं नाव शिकवायला निघालेल्या त्या माणसाला घराबाहेर काढायला मी उठले.

पण सासूबाई माझ्याआधी बोलल्या. आवाज चढवला नाही.

"बापाले नाही बोलू त कोनाले बोलू, भाऊ? शेजाऱ्याले? तो माहा कोन लागते?"

मग खाटेवरून आवाज आला.

"बापा." हे भिंतीकडेच बघत होते. "मी तुह्यंच काम करत होतो. तू काहून हात सोडला? सांग न मले. काहून सोडला?"

आवाज फाटला. हे रडत होते, ओरडत होते, जाब विचारत होते. आठवडाभर 'त्याचं प्रेम नाही' म्हणत गप्प पडलेला माणूस त्याच्याशीच भांडत होता. मला वाटलं, आता ब्रदर काही बोलले तर मी त्यांना सोडणार नाही. ते पायांतल्या मोज्यांकडे बघत बसले.

रडणं थांबल्यावर यांनी तोंड पुसलं आणि कूस बदलली.

"मंजुषा, दोरी कुठी गेली?"

दोरी खाटेखाली पडली होती. मी ती यांच्या हातात दिली. दात आवळून हे उठून बसले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पाय तसेच लोंबत राहिले.

सासूबाईंनी लेकाकडे बघितलं, पदर सारखा केला आणि पुन्हा डोळे मिटले.

"हं, त बापा, मी काय सांगून राह्यली होती तुले? शिडीचं."