मेणातली मशाल

जळगावातल्या त्या बोळात पदकांचे ठसे हाताने कोरणारे कादरभाई एकटेच उरले होते. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, मूठ आवळली गेली ती उघडलीच नाही, आणि भडगावच्या एका शाळेच्या अमृतमहोत्सवी पदकाचा पोलादी ठसा अर्धाच राहिला. तो आता त्यांची मुलगी सबीहाने पुरा केला होता. पंख असलेली स्त्री, डाव्या हातात विजयाचं पानांचं कडं, उजव्या हातात उंच धरलेली मशाल.

शाळेचे लोटनभाऊ नमुना बघायला आले, तेव्हा रिवाजाप्रमाणे सबीहाने ठशावर मऊ मेण दाबून उचललं. मेणात मशाल खाली वळलेली होती.

"ओ अक्का," लोटनभाऊ हसले, "आम्हले पोरेसले बक्षीस देनं शे, कोनं दहावं नही करनं!"

सबीहाला हसू आलं नाही. उलटी मशाल म्हणजे विझलेला जीव, हे अब्बांनीच तिला शिकवलं होतं. ठशात डावं-उजवं बदलतं, वर-खाली कधीच बदलत नाही, हेही. तिने भिंगातून पाहिलं. पोलादात मशाल सरळच होती.

लोटनभाऊंकडून पंधरा दिवस मागून घेऊन ती खाटेपाशी गेली.

"अब्बा, माझं काय चुकलं?"

"काही नाही," वाकड्या ओठांनी ते कसेबसे म्हणाले. "मशाल उचलेल ती. घाई करू नकोस."

हात आता सुधारायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तरी सबीहा रोज सकाळी त्या मुठीला कोमट तेल चोळायची आणि मग ठशावर मेण दाबायची. कोरणीला तिने हात लावला नाही. मशाल मात्र दररोज केसभर वर येत होती.

बाराव्या दिवशी ती ताठ उभी होती, ज्योत मागे फडफडत होती. सबीहाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिला दिसलं, की बाईचा दुसरा हात रिकामा आहे. मेणात पानांचं कडं नव्हतंच.

"सबीहा."

अब्बा आपले आपण उठून बसले होते. उजवा हात पुढे करून ते एकेक बोट सोडवत होते, गाठ सोडवावी तसं. मूठ उघडली. तळहातावर पानांचं गोल कडं ठशात कोरावं तसं खोल रुतलेलं होतं. कडा स्वच्छ, एकही रेघ इकडची तिकडे नाही.

"बघतेस काय, बेटा," ते म्हणाले. "मेण लाव."