लाकडांची रास

खर्र करून सूटकेसची चेन अर्ध्यावर अडकली. सकाळपासून गप्प असलेल्या घरात तेवढाच आवाज झाला. रेनेलने चेन मागे घेतली, टिलीचा पिवळा स्वेटर आत दाबला आणि पुन्हा ओढली. पुन्हा तिथेच. बॅगच बंद झाली नाही तर जायचं कशाला, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात टिली येऊन बॅगेवर बसली आणि म्हणाली, "ओढ आता." चेन मुकाट लागली.

आज टिलीला बापाच्या हवाली करायचं होतं. शाळेचं अख्खं वर्ष आता ती त्याच्याकडे राहणार होती. रेनेलला मोज्यांच्या कारखान्यात रात्रपाळी. रात्री पोरीजवळ कोण असतं, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं तेव्हा तिला 'कुणी नाही' म्हणावं लागलं. बाई काही वाईट नव्हत्या, चांगल्या हळू आवाजात बोलल्या. रागवायचं तरी कुणावर?

टिलीचा बाप हॉइट पूर्वेला, समुद्राच्या अंगाला राहायचा. काल फोनवर म्हणाला, "सामान या गाडीतून त्या गाडीत टाकलं आणि निघालो, असं नको गं करायला. पोर लक्षात ठेवते. येताना वाटेत बार्बेक्यूचं चांगलं दुकान दिसलं की थांब आणि मला कळव, मी तिथे येतो. तिघं मिळून जेवू, मग नेतो तिला. पण मांस लाकडावर भाजणारं बघ हां. आणि तुमचं ते टोमॅटो घातलेलं नको."

"तुमच्या व्हिनेगरने दात आंबतात," रेनेल सवयीने बोलून गेली. दोघांनाही हसू आलं नाही.

रेनेलच्या माहेरी, समुद्रापासून लांब लेक्सिंग्टनला, डुकराचा फक्त खांदा भाजतात आणि वरच्या रश्शात टोमॅटो पडतो. हॉइटकडे अख्खं डुक्कर, वर नुसतं व्हिनेगर आणि मिरची. लग्नात दोन टेबलं वेगळी मांडावी लागली होती, आणि दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांच्या ताटात डोकावून नाकं मुरडत होते. टिली मात्र दोन्हींवर सारखाच ताव मारायची.

चांगली जागा कशी ओळखायची ते रेनेलला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं, तिने टिलीला. पाटीवर जायचं नाही. मागच्या बाजूला बघायचं, लाकडांची रास आहे का. धुराड्यातून धूर निघतोय का. आणि दारात पोलिसांची गाडी आहे का, कारण दिवसभर रस्त्यावर असणारी ती माणसं वाईट ठिकाणी जेवत नाहीत.

पहिल्या ठिकाणी हसऱ्या डुकराची मोठी पाटी होती. टिलीने काचेला नाक लावलं. "आई, मागे लाकडं नाहीत. गॅसची टाकी आहे."

"शाबास. चल पुढे."

दुसऱ्या ठिकाणी लाकडं होती, पण दारावर 'संपलं' असं लिहिलं होतं. "अरेरे," रेनेल म्हणाली. गाडी पुन्हा रस्त्याला लागली तेव्हा आपल्याला हलकं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं, आणि का वाटतंय तेही आलं. सापडल्याशिवाय फोन करायचा नव्हता.

तिसऱ्या ठिकाणी पत्र्याचं छप्पर, मागे ओकची लाकडं. चव बघायला म्हणून एक प्लेट घेतली. मांस जिभेवर विरघळलं, त्यात मध्येच कुरकुरीत कातडीचा तुकडा. रेनेलने काटा खाली ठेवला. "कोरडं आहे."

"माझं नाहीये कोरडं," टिली भरल्या तोंडाने म्हणाली.

गल्ल्यामागच्या म्हाताऱ्या मालकीणबाई मिस व्हर्डींनी फडकं खांद्यावर टाकलं. "लेक्सिंग्टनकडची दिसतेस. केचपची बाटली कोपऱ्यात आहे बघ. लहान मुलांसाठी ठेवतो आम्ही."

"नको. आम्ही पुढे बघतो."

"पुढे काय बघतेस? पुढे समुद्र आहे, पोरी."

रेनेलने गाडीची किल्ली उचलली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या गाडीकडे, मागच्या सीटवरच्या सूटकेसकडे. पुढचा टोमणा तिने गिळला. मक्याचे तळलेले गोळे कागदात बांधून टिलीच्या हातात दिले. "वाटेत खा गं, बाळ."

गाडीत फोन वाजला. "सापडलं का?" हॉइट विचारत होता.

"अजून नाही."

"किती नखरे. भूक लागलीय मला."

"मग खाऊन घे काहीतरी."

"तुमच्याबरोबर जेवायचं म्हणून थांबलोय ना," तो म्हणाला. तिने फोन बंद करून मांडीवर टाकला.

उन्हं उतरली. तंबाखूची शेतं मागे पडत राहिली. टिलीचे पाय सीटवर आपटत होते, हात तेलकट झाले होते, आणि ती आपल्याच नादात काहीतरी गुणगुणत होती. एका वळणावर धूर चक्क रस्ता ओलांडून आला. हिकरीच्या लाकडाचा गोडसर वास खिडकीतून आत शिरला. दुकानामागे लाकडांची टिलीपेक्षा उंच रास, नीट रचलेली. धुराडं. पुढे पोलिसांची गाडी.

रेनेलचा पाय ब्रेकवर गेला. मग उचलला. धूर मागे राहिला, वास मात्र गाडीत तसाच.

थोडं पुढे नदीवरचा पूल आला. पुलापलीकडे हॉइटचं गाव. आता मध्ये कुठलं दुकान नाही, की कुठलं निमित्त नाही. पुढे गेली तर थेट त्याचं दार, मागे वळली तर तो धूर. तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. फोन मांडीवर पडून होता. त्याला हात लावायचं तिचं धाडस होईना, आणि न लावता बसून राहण्याचीही सोय नव्हती.

टिलीने मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. अजून दिसत होता धूर. आजोबांच्या परीक्षेला बसल्यासारखी ती बोटांवर मोजत म्हणाली, "लाकडं होती. धूर होता. पोलिसांची गाडीपण होती."

मग तिने आईच्या खांद्यावर तेलकट हात ठेवला.

"मग तिथे काय कमी होतं, आई?"