होडी फोडणारं लाटणं

मित्रांनो, मी बिदर जिल्ह्यातल्या, मराठी-कन्नड सीमेवरच्या हुलसूरच्या बाजारातल्या एका बेकरीतलं जुनं लाटणं आहे. शाळेत तुम्हाला 'ते लाटणं' असं शिकवतात, पण मी स्वतःला 'तो'च म्हणवून घेतो. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, अस्सल बाभळीचा. तुमच्या घरचं पोळ्या लाटणारं लाटणं माझ्याशेजारी ठेवलंत तर बिचारं लाजेल. मी लाटतो कमी आणि ठोकतो जास्त. आज सांगणार आहे तेही ठोकण्याबद्दलच, आणि त्यात रक्त आहे. लपवून काय करायचं?

माझा जन्मच घावातून झाला. कमठाणा गावी, नरसिंग नावाच्या माणसाच्या बांधावर मी बाभूळ होऊन उभा होतो. एका उन्हाळ्यात कुऱ्हाड आली. अकरा घावांत मी आडवा झालो. मग करवत, मग वाकस, मग रंधा. साल गेली, गाठी गेल्या, आतला तांबडा गाभा तेवढा उरला. नरसिंग हैदराबादला एका बेकरीत खारी करायचा. त्यानं मला तिकडे नेलं आणि वीस वर्षं मैद्याच्या गोळ्यावर आपटलं. बेकरीत उंदीर फार. तेही मीच मारले. एकदा मांजराएवढी घूस एका फटक्यात लोळवली, तेव्हा मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "नरसिंग, ये बेलन है या तोप?" मी असा फुगलो की विचारू नका. त्या दिवसापासून मला मारण्याची चटक लागली.

नरसिंग गेल्यावर मी त्याच्या मुलीकडे, मंगलकडे आलो. ती बापाशेजारी उभी राहूनच काम शिकली होती. धाकटा भाऊ बुद्धरत्न याला घेऊन तिनं हुलसूरला बेकरी टाकली. भट्टी आणि ओटा तिच्याकडे, गल्ला आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे. मंगलचा उजवा हात म्हणजे काय सांगू! लोण्याची थंडगार वडी ओट्यावर ठेवायची आणि मला उचलून अशी बडवायची की वडी पसरून पातळ व्हायची, पण कुठं फाटायची नाही. मग ती मैद्यात गुंडाळायची, घडी, लाटणं, पुन्हा घडी. त्या हातावर बेकरी चालत होती. मीही त्या हातामुळेच कुणीतरी होतो.

हल्ली शहरातल्या बेकऱ्यांत दोन पदार्थांची लग्नं लावायचं खूळ आलं आहे. मंगलनंही एक लावलं. क्रॉसाँ, म्हणजे लोण्याची फ्रेंच खारी, आणि होळगी. पुरणपोळीला आमच्याकडे होळगी म्हणतात. लोण्याच्या पापुद्र्यांत होळगीचं पुरण, दोन्ही टोकं वर वळवलेली, आणि वरून गुळाच्या कडक पाकाचं कवच. पहिला घास दिला शेजारच्या इंदुताईंना. त्या निवृत्त मराठीच्या बाई. अर्ध्या हुलसूरला त्यांनी मुळाक्षरं शिकवली.

"अगं मंगल, ही तर होडी गं!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या.

आमच्या गावात कुणी होडी पाहिलेली नाही. पण बाईंनी ठेवलेलं नाव. बुद्धरत्ननं मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी रंगवली, 'गरम होडी'. आणि मित्रांनो, इथंच घोटाळा झाला. कन्नडमध्ये 'होडी' म्हणजे 'मार'!

पाटी वाचून लोक हसून हसून बेजार. बँकेत कलबुर्गीहून बदलून आलेला प्राणेश तर म्हणाला, "अक्का, तुमीच लिहिलाव होडी. मग मारतो की!" त्यानं ओट्यावरून मला उचललं आणि पदार्थावर हाणलं. कवच फटकन फुटलं, पापुद्रे उडाले, आतून वाफाळतं पुरण बाहेर आलं. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलं. आठ दिवसांत बसवकल्याणपासून लोक यायला लागले. होडी खायला नव्हे, होडी फोडायला.

खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. दिवसभर फटके, दिवसभर टाळ्या. मंगल लाकडी पाटावर होडी ठेवायची, नीट फिरवायची, हात काढायची आणि म्हणायची, "हं!" मग मी कोसळायचो. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरी, पेन्शनवाले, पोलीस, सगळ्यांच्या हातात मी गेलो. मारताना सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात, हे तेव्हा कळलं. पण मी कशाला फिकीर करतोय!

मग तो बाजाराचा दिवस उजाडला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चिटगुप्प्याचा सिद्धलिंगप्पा आला होता. लोहाराच्या ऐरणीवर तीस वर्षं घण मारणारा माणूस. त्याच्या मुलीनं मोबाईलवर होडी पाहिली होती आणि तिच्यासाठी तो एक न्यायला आला होता.

"मुलगी म्हनली, फोडूनच आन," तो लाजत म्हणाला. "म्या कसं मारू?"

"सावकाश मारा, अप्पा. मी 'हं' म्हनल्यावर," मंगल हसली.

त्यानं मला धरलं. तसा हात मला आयुष्यात मिळाला नव्हता. मंगलनं होडी पाटावर ठेवली. ती थोडी कलंडली, म्हणून तिनं पुन्हा हात घातला. तेवढ्यात मागून इंदुताई ओरडल्या. सकाळपासून ताटकळल्या होत्या.

"मंगल, माझी होडी!"

गर्दीत शेवटचा शब्दच तेवढा पुढे पोचला. लोहाराच्या ऐरणीवर एकजण तापलं लोखंड चिमट्यात धरतो आणि म्हणतो, 'होडी!' तो शब्द कानावर पडला की घणवाला विचार करत नाही. करून चालत नाही, लोखंड निवतं. तीस वर्षं सिद्धलिंगप्पाचा हात त्या शब्दावर खाली येत होता.

तो खाली आला.

मी मैद्यावर पडलो, उंदरांवर पडलो. हाडावर पहिल्यांदाच पडलो. तो आवाज पापुद्र्यांचा नव्हता. मंगल नुसती आपल्या हाताकडे बघत राहिली. पांढऱ्या पिठात लाल पसरत गेलं.

सिद्धलिंगप्पानं मला टाकून दिलं. बुद्धरत्ननं उचललं.

"कामून मारलास? कामून मारलास माझ्या अक्काला?" प्रत्येक 'कामून'ला एक फटका. खांद्यावर, पाठीवर, बरगडीत. सिद्धलिंगप्पा एवढा दांडगा माणूस, मनात आणता तर त्यानं बुद्धरत्नला एका हातानं उचलून फेकलं असतं. पण तो हात खाली सोडून उभा राहिला. "तुमीच होडी म्हनलाव की," एवढंच पुटपुटत होता. ते कुणी ऐकलं नाही. मागून लोक घुसले, लाथा सुरू झाल्या. काच फुटली. ज्यांना काय झालं हेही माहीत नव्हतं तेही ओरडायला लागले, "होडी! होडी!" आणि मित्रांनो, त्या वेळी त्या शब्दाचा अर्थ सगळ्या भाषांत एकच होता. शेवटचा फटका मी त्याच्या डाव्या कानावर दिला. मीच दिला. माझ्या अंगावर त्याचं रक्त होतं.

मंगलनं मला हवेतच पकडलं. डाव्या हातानं.

"बास! साकु! त्यानं चुकून मारलं रे. तू जाणून मारायलास!"

इंदुताई पुढे आल्या. "मी हाक मारली. नावही मीच ठेवलं. मला मारा आता."

कुणाचा हात उठला नाही. मंगल आणि सिद्धलिंगप्पा, दोघांना एकाच जीपमध्ये घालून बिदरच्या दवाखान्यात नेलं.

मंगलचं प्लॅस्टर दोन महिन्यांनी निघालं. दोन बोटं वळत नाहीत ती नाहीतच. आता लोणी बुद्धरत्न बडवतो. वडी फाटते. मधेच थांबतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा मारतो. एकदा तो मला भट्टीत घालायला निघाला होता. मंगल म्हणाली, "ठेव त्याला. त्याला डोळे न्हाईत. तुला हायेत." त्या दिवशी जळालो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पाटी उतरवली. पण लोक अजूनही होडीच मागतात. मंगल तेव्हा दचकते आणि दोन्ही हात छातीशी घेते.

गेल्या आठवड्यात सिद्धलिंगप्पा आला. पिशवीतून त्यानं एक चिमटा काढला, स्वतः घडवलेला, लांब दांड्याचा. "ह्यानं धरा, अक्का. हात लांब ऱ्हातोय," एवढं म्हणून ओट्यावर ठेवला आणि जायला वळला. बुद्धरत्न धावत त्याच्यामागे गेला. दारात त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून, मान खाली घालून हळूच काहीतरी बोलला. मला ऐकू आलं. "चुकलो, अप्पा. माफी करा."

सिद्धलिंगप्पा थांबला. मान वळवून त्यानं उजवा कान पुढे केला.

"काय म्हनलाव? ह्या बाजूनं ऐकू येत न्हाई आता."

बुद्धरत्न मान खाली घालूनच गल्ल्याकडे परतला. सिद्धलिंगप्पाही निघून गेला.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला माफीही मागता येत नाही. तुम्हाला येते. म्हणून एवढंच सांगतो, मला उचलण्याआधी पाटावर कुणाचा हात आहे ते बघा. आणि आमच्या बुद्धरत्नला कुठे भेटलात, तर त्याला म्हणावं, चिटगुप्पा फार लांब नाही, आणि सिद्धलिंगप्पाचा उजवा कान अजून शाबूत आहे.