शेजारचा रकाना

सकाळचे अकरा वाजले की छापखान्यातलं मोठं यंत्र थांबायचं. बिघाडानं नव्हे, भक्तीनं. ती पुरावेदादांची वेळ होती. मशीनवाले काका शाईचे हात विजारीला पुसून फोन उघडायचे, बांधणीच्या बाया गोंदाची बोटं वर धरून त्यांच्या खांद्यावरून डोकवायच्या आणि मालक स्वतःच्या खोलीतून ओरडायचे, "आला का रे संदर्भ?"

गावाच्या 'नगरकट्टा' नावाच्या ग्रुपवर अकरा हजार माणसं होती. महिनाभर तिथे एकच वाद पेटला होता : नगरपालिकेचं सूतिकागृह ठेवायचं की बंद करायचं? येत्या गुरुवारी सभागृहात मतदान होतं. मंगळवारी सकाळी एका निवृत्त डॉक्टरांनी भीत भीत दोन ओळी लिहिल्या होत्या, 'मी तिथलं काम जवळून पाहिलं आहे. एक्केचाळीस मृत्यूंचा आकडा कुठून आला, कळेल का?' झालं. घड्याळ लावून सहाव्या मिनिटाला पुरावेदादा प्रकट झाले.

'मी बोलत नाही, कागद बोलतो! सूतीकागृहात पहिल्याच वर्षी एक्केचाळीस माता दगावल्या. हे घ्या सतरा संदर्भ. आहे कुणाची छाती खोडून दाखवायची?'

खाली निळ्या अक्षरातल्या सतरा लिंका. मग जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. 'दादा, धन्य!', 'डॉक्टरांची बोलती बंद!', 'याला म्हणतात अभ्यास!' डॉक्टर बिचारे ग्रुप सोडून गेले.

"मिनिटाला तीन संदर्भ पडले हो!" काका हिशेब करून म्हणाले. "पूर्वी हवेतून राख काढणारे असायचे. त्यांच्यात काही राम नव्हता. हा माणूस हवेतून पुरावे काढतो!"

खिडकीजवळच्या टेबलावर कानामात्रा मावशी बसली होती. ही या छापखान्याची मुद्रितशोधक. छापण्याआधी कच्च्या पानांवरच्या चुका हुडकणं हा तिचा चोवीस वर्षांचा उद्योग. लग्नपत्रिका असो की दुकानाची पाटी, चुकीची वेलांटी दिसली की तिच्या दाताखाली खडा यायचा. आत्ताही 'सूतीकागृह' मधली दीर्घ ती तिला खटकली. पण तिनं जाऊ दे म्हटलं आणि सगळ्यांसारखाच अंगठा उमटवला. खरं सांगायचं तर मावशीला पुरावेदादा आवडायचे. शिव्या न देता संदर्भ देणारा एक तरी माणूस निघाला, आणि तोही तिला न आवडणाऱ्या नगरसेवकांना घाम फोडणारा, म्हणून ती खूश होती.

दुपारी तिची धाकटी बहीण आली. ती त्याच सूतिकागृहात नर्स होती, ते उघडलं त्या दिवसापासून. तिची बाही खडूनं पांढरी झाली होती.

"काय गं हे?"

"दारावर कुणीतरी ४१ लिहून ठेवलंय. एवढा मोठा आकडा. ओल्या फडक्यानं पुसला तरी दिसतोच." धाकटी स्टुलावर बसली. "रस्त्यात एकानं हाक मारली, ए एक्केचाळीसवाली! ते जाऊ दे. एक सातव्या महिन्यातली बाई आहे, तिचा रक्तदाब चढता आहे. तीन आठवडे झाले, तपासणीला फिरकली नाही. घरी गेले तर तिनं दारातूनच सांगितलं, मला मरायचं नाही."

मावशीनं हातातलं कच्चं पान खाली ठेवलं.

"ताई, आठ वर्षांत आमच्या हातून एक बाई गेली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. आणि तीही पहिल्या वर्षी नाही. हे एक्केचाळीस आणले कुठून यांनी?"

"अगं, पण सतरा संदर्भ आहेत ना..."

हे तोंडातून निघालं आणि मावशीची जीभ चावली गेली. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. ती रडली नाही की चिडली नाही.

"तू उघडून पाहिलेस?" तिनं विचारलं.

नव्हते पाहिले. मशीनवाल्या काकांनी, मालकांनी, गोंदवाल्या बायांनी, कुणीही पाहिले नव्हते. जी बाई लग्नपत्रिका तीनदा वाचल्याशिवाय पुढे सोडत नाही, तिनं बहिणीच्या अब्रूचा कागद न वाचताच पास केला होता. मावशीला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं चष्मा पुसला, लाल पेन उघडलं आणि पहिल्या लिंकवर बोट ठेवलं.

पहिली एका बातमीपत्राची. तिथे लिहिलं होतं, 'आरोग्यविषयक एका संकेतस्थळानुसार'. दुसरी त्या संकेतस्थळाची. तिथे लिहिलं होतं, 'वृत्तपत्रातील बातमीनुसार', आणि बातमी कुठली तर पहिलीच. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि पाय कुणाचेच जमिनीला नाहीत! पुढच्या चार ठिकाणी तोच मजकूर नवनव्या मथळ्यांखाली होता. सातवी लिंक उघडेचना. आठवीत परदेशातल्या शेळ्यांच्या वेतांवर नव्वद पानी प्रबंध निघाला. अकरावा संदर्भ मात्र खराखुरा, चांगला शोधनिबंध होता. त्यात म्हटलं होतं की अशी छोटी सूतिकागृहं जवळ असली की मातामृत्यू कमी होतात. चौदावा संदर्भ म्हणजे खुद्द पुरावेदादांचीच गेल्या वर्षीची पोस्ट.

"अगं बाई," मावशी पुटपुटली, "स्वतःच स्वतःचे साक्षीदार!"

आणि जिथे जिथे मराठी मजकूर होता तिथे तिथे तीच दीर्घ ती : सूतीकागृह, सूतीकागृह, सूतीकागृह. चोवीस वर्षांच्या धंद्यात मावशीला एवढं पक्कं कळलं होतं की एकच वेडीवाकडी चूक दहा माणसं आपापली करत नाहीत. एक करतो आणि बाकीचे उतरवून घेतात. त्या सगळ्या मराठी तोंडांनी बोलणारा माणूस एकच होता.

त्या जुन्या पोस्टला एक चित्र जोडलं होतं. कुठल्याशा छापील तक्त्याचा कापलेला तुकडा. वर मथळा 'मर.' आणि खाली '४१'. बस्स, एवढंच.

मावशीनं चित्र मोठं केलं. तो टाइप ओळखीचा होता. तक्त्याची डावीकडची रेघ मधेच तुटलेली होती, आणि तशी रेघ याच छापखान्याच्या जुन्या यंत्रावर उमटायची. ती उठली, माळ्याखालच्या कपाटातून नगरपालिकेच्या वार्षिक अहवालांचा गठ्ठा काढला आणि आठ वर्षांपूर्वीच्या अहवालाचं तेविसावं पान उघडलं.

तक्ता तिथे होता. चार रकाने. मर. ४१, प्रसू. ३९, सुट. ४१, मृत्यू निरंक.

'मर.' नव्हे, 'भर.' हवं होतं. भरती झालेल्या बाया एक्केचाळीस. भ च्या डोक्यावरची छोटीशी खाच बुजली की त्याचा म होतो. गठ्ठ्यात खाली कच्चं पानही होतं, आणि त्याच्या कोपऱ्यात लाल शाईत सही : 'पाहिले.' सही मावशीची होती.

त्या दिवशी कसली घाई होती, डोकं दुखत होतं की कुणी हाक मारली होती, तिला काही केल्या आठवेना. धाकटीनं सही पाहिली.

"आता?" धाकटीनं विचारलं.

"आता काय. चूक सापडली की दुरुस्त करायची."

मालकांना कळलं तेव्हा ते हात जोडून आले. "मावशी, छापखान्याचं नाव जाईल हो. शेळ्यांचं सांगा, पहिल्या-दुसऱ्याचं सांगा. तुमच्या सहीचं कशाला?"

"अर्धं पान दाखवणारा एक आहे की गावात," मावशी म्हणाली. "दुसरा कशाला?"

गुरुवारी सकाळी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुरावेदादा प्रत्यक्षात किरकोळ अंगाचे, इस्त्रीच्या शर्टातले, पूर्वी शिकवण्या घेणारे गृहस्थ. भिंतीवर त्यांच्या सतरा ओळी झळकत होत्या. ते आले तेव्हा लोक उभे राहिले.

"मी कोण बोलणारा?" दादांनी डोळे मिटले. "मी निमित्तमात्र. कागद बोलतो, मी फक्त तोंड देतो!"

टाळ्या पडल्या. देव अंगात येणारे पुष्कळ पाहिले होते, कागद अंगात येणारे हे पहिलेच.

मावशी उठली. "दादा, दुसरा संदर्भ उघडता का जरा?"

"मावशी, सतरा आहेत. एकेक उघडत बसलो तर संध्याकाळ होईल."

"एकच उघडा."

"आधी सांगा, तुम्ही कुठल्या बाजूच्या?"

"मी कानामात्रेच्या बाजूची."

हशा पिकला, आणि हशात दादांना नाही म्हणता येईना. दुसरा उघडला, तो पहिल्याकडे गेला. पहिला उघडला, तो दुसऱ्याकडे आला. आठवा उघडला आणि भिंतीवर भली मोठी शेळी उभी राहिली. मागच्या रांगेतून कुणीतरी बें केलं.

"इथे कुणी यातला एक तरी उघडला होता?" मावशीनं सभेला विचारलं. मशीनवाले काका स्वतःच्या चपला बघू लागले. "मीही नव्हता उघडला. आणि मला पगारच वाचायचा मिळतो."

मग तिनं अहवाल वर धरला, सगळ्यांना दिसेल असं पान भिंतीवर टाकायला लावलं आणि बोटानं एकेक रकाना वाचला. "मर. एक्केचाळीस. पुढे वाचा. सुट. एक्केचाळीस, म्हणजे सुट्टी मिळून घरी गेलेल्या. आता मला सांगा, एक्केचाळीस जणी मेल्या आणि त्याच एक्केचाळीस जणी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या? आणि हा शेवटचा रकाना, मृत्यू, निरंक. तिथे भर. हवं होतं, मर. छापलं गेलं. ही चूक माझी. ही माझी सही."

हशा थांबला. धाकटी मागे भिंतीला टेकून उभी होती, तिनं मान खाली घातली. दादांचा चेहरा मात्र उजळला.

"ऐकलंत?" ते ओरडले. "कबुली! चूक कागदात होती. मी जसंच्या तसं दिलं. माझा काय दोष?"

"जसंच्या तसं?" मावशीनं ते कापलेलं चित्र शेजारी लावायला सांगितलं. "उजव्या कडेला बघा. ही अर्धी रेघ कसली? हा 'प्रसू.' मधला प आहे, उभा चिरलेला. माझ्याकडून एक अक्षर निसटलं, दादा. तुम्ही तीन रकाने कापलेत. कात्री आपोआप थांबत नाही. कुठे थांबवायची हे ठरवायला पुढचं वाचावं लागतं."

दादा म्हणाले, "चित्र मोठं मावत नव्हतं."

मतदान पुढे ढकललं गेलं आणि सूतिकागृह तूर्त वाचलं. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण बरोबर बारा वाजता नगरकट्ट्यावर नवी पोस्ट आली, 'एक्केचाळीसचं सत्य दडपलं! बावीस संदर्भांसह.' त्यातला पहिला संदर्भ होता, 'छापखान्याच्या कर्मचारी महिलेची जाहीर कबुली'. जोडलेले हात पुन्हा बरसू लागले. पहिल्यापेक्षा कमी, पण बरसले.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. छापखान्याच्या दारात एक पोटुशी बाई येऊन उभी राहिली. पाय सुजलेले, चप्पल पायात मावत नव्हती. धाकटीची सातव्या महिन्यातली बाई ती हीच.

"ते पान दाखवता?"

मावशीनं पान पुढे ठेवलं. बाईनं बोट ठेवून सावकाश वाचलं. "निरंक म्हणजे?"

"एकही नाही."

"हे तुम्ही म्हणता की कागद म्हणतो?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण जीव तिचा होता. मावशीनं क्षणभर विचार केला.

"कागद म्हणतो. पण मर. सुद्धा कागदच म्हणतो ना? मग नुसत्या कागदावर नको विसंबूस, माझ्यावरही नको. पहिल्या वर्षी तिथे बाळंत झालेली कुणी तुझ्या ओळखीची आहे?"

बाई आठवू लागली. "माझी थोरली जाऊ. तिची मुलगी आठ वर्षांची आहे, तिथलीच."

"मग त्या एक्केचाळीसमधली एक ती. तिला विचार."

"ती?" बाईनं वळून दाराकडे पाहिलं. "ती तर बाहेर उभी आहे, छत्री धरून."

दोघीही हसल्या. मावशीचं हसू लवकर मावळलं, कारण त्या सुजलेल्या पायांकडे तिची नजर गेली होती. दोघी जावा तशाच सूतिकागृहात गेल्या. तासाभरानं धाकटीचा फोन आला.

"आली गं ती. दाब फार चढलाय, डॉक्टरांना बोलावून घेतलंय. सांभाळू आम्ही, पण तीन आठवडे आधी यायला हवी होती."

मावशीनं फोन ठेवला. मग नगरकट्टा उघडला आणि त्या बावीस संदर्भांखाली एकच ओळ लिहिली, 'उघडून पाहिलेत का? शेजारच्या रकान्यासकट?' आजही ती प्रत्येक पोस्टखाली हेच लिहिते, आणि शिव्या खाते.

वाचणाऱ्यांनो, पुरावा मागा, जरूर मागा. पण मिळाला म्हणून हात जोडू नका, त्या हातांनी तो उघडा. आपल्या बाजूचा असेल तर आधी उघडा. तुम्ही न वाचता उमटवलेल्या अंगठ्यामुळे कुणीतरी सुजलेल्या पायांनी घरात बसून राहिलेलं असतं.